फडके एक, पुसणे दोन



वारीत चालताना तुमची नजर पताकांवर असते, विण्यावर असते, पुढच्याच्या पावलांवर असते. पण तुमचे गाठोडे ज्या गाडीत असते, त्या गाडीकडे तुम्ही कधी नीट पाहिले आहे का? पहाटे तुम्ही वाटेला लागता तेव्हा मागे राहिलेली चार माणसे राहुट्या उतरवतात. दांड्या, दोर, पातेली, पिठाची पोती, म्हाताऱ्या माणसांची गाठोडी असे सगळे गाडीत कोंबतात आणि तुमच्या आधी पुढच्या मुक्कामी पोहोचतात. तुम्ही येता तेव्हा राहुटी उभी असते, चूल पेटलेली असते. ज्या गाडीने हे सारे आणले, ती कुठेतरी कडेला उभी असते. तिच्या खाली वाकून कोण पाहणार?

आज मला तुम्हाला तिच्या खाली वाकायला सांगायचे आहे. इतकी वर्षे कीर्तनाला बसून जो प्रश्न मला कधी टोचला नव्हता, तो मला गाडीखाली टोचला. प्रश्न असा : आपल्याकडच्या वस्तूचे वैगुण्य आपल्याला ठाऊक आहे, समोरच्याने विचारले नाही, आपणही बोललो नाही, तर आपण खोटे वागलो का?

उत्तर द्यायची घाई करू नका. मी केली होती आणि चुकलो होतो.

आमच्या दिंडीची व्हॅन डिझेलवरची, सेकंडहँड घेतलेली, वीस वर्षांहून जुनी. मी निवृत्त शिक्षक. दिंडीचा जमाखर्च माझ्याकडे, म्हणून गाडीची वहीही माझ्याकडेच. दोन वर्षांपूर्वीच्या वारीत गाडीच्या पोटाखाली पहिल्यांदा तेलाचा थेंब दिसला. मुक्कामी उभी केली की सकाळी जमिनीवर रुपयाएवढा डाग. पुढे तो भाकरीएवढा झाला. गियरबॉक्सचे तेल गळते आहे, एवढे ड्रायव्हर पोराने सांगितले. मागच्या वर्षी तालुक्याच्या गावी एका मेकॅनिककडून गियरबॉक्सचे मागचे ऑइल सील बदलून घेतले. महिनाभर बरे गेले आणि थेंब पुन्हा सुरू झाला. ‘त्याने डुप्लिकेट सील टाकले’ असे आम्ही ठरवले आणि पारावर बसून चार लोकांना सांगितलेही.

मग आम्ही तुम्ही-आम्ही सगळे करतो तेच केले, सवय करून घेतली. रात्री गाडीखाली पुठ्ठा सरकवायचा. सीटमागे तेलाचा डबा ठेवायचा. ‘म्हातारी झाली, तेल पिणारच’ असे हसत म्हणायचे. वहीत ‘तेल’ असा एक नवा रकाना पडला. दुखणे बरे करण्यापेक्षा दुखण्याचा रकाना पाडणे सोपे असते, हे तुम्हालाही माहीत असेल.

यंदा वैशाखात बैठक झाली. आपली गाडी काढून टाकावी, वारीपुरता ट्रक भाड्याने घ्यावा, असे ठरले. शेजारच्या तालुक्यातली एक नवी, लहान दिंडी गाडीच्या शोधात होती. त्यांची माणसे रविवारी पाहायला येणार असा निरोप आला. बैठकीत एक जण म्हणाला, ‘‘खालून चकाचक धुऊन घ्या, तेल भरून ठेवा. दोन दिवस काही दिसत नाही.’’

सगळे गप्प झाले. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. गुरुजी म्हणतील ते योग्य, असा गावाचा माझ्यावर भार. मी काय म्हणालो, ते तुम्हाला लपवून ठेवण्यात अर्थ नाही. मी म्हणालो, ‘‘आपण खोटे काही सांगायचे नाही. त्यांनी विचारले तर गळती सांगू. नाही विचारले, तर त्यांचे त्यांनी पाहावे. घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला नकोत का?’’

माना डोलल्या. मलाही वाटले, सत्य राखले आणि दिंडीचे पैसेही राखले. ते पैसे काही माझ्या घरात जाणार नव्हते. वारकऱ्यांच्या ताटात जाणार होते. देवाच्या कामाला एवढे चालते, असे मनात कुठेतरी होतेच.

शुक्रवारी मी आणि ड्रायव्हर पोरगा गाडी घेऊन हायवेलगतच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो. जुन्या मेकॅनिककडे जाण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला तर आम्ही लबाड ठरवले होते. मी म्हणालो, ‘‘मिस्त्री, गाडी खालून स्वच्छ धुऊन द्या. तेलाचा डाग राहता कामा नये.’’

मिस्त्रीने गाडी खड्ड्यावर घेतली. डिझेल आणि ब्रशने गियरबॉक्सचा सगळा चिखल-तेलाचा थर सोडवला, पाणी मारले, हवा मारून कोरडे केले. मग फडक्याने एकेक जोड पुसला. तासाभरात गाडीचे पोट नव्यासारखे दिसू लागले. मी पाकीट काढले, तर तो म्हणाला, ‘‘गुरुजी, पैसे काय देता? काम कुठं झालंय? आता पंधरा किलोमीटर फिरवून आणा. मग बघू कुठनं येतंय ते.’’

माऊली, तो माणूस मला उपदेश करत नव्हता. त्याला आमचा बेत ठाऊकच नव्हता. गळकी गाडी खालून धुवायची म्हणजे गळती शोधायची, असेच त्याने धरले होते. कारण त्याच्या धंद्यात धुणे हे कामाची सुरुवात असते. आम्हाला मात्र त्या कामाचा पहिला अर्धाच भाग हवा होता. फडके तेच, हात तेच, पुसणेही तेच. पण तो दिसावे म्हणून पुसत होता आणि आम्ही दिसू नये म्हणून.

‘नको, एवढेच पुरे’ असे म्हणायला तोंड उघडेना. लाजेने म्हणा, पण गाडी फिरवून आणली. पुढे जे पाहिले ते जरा सविस्तर सांगतो, कारण तुमच्यापैकी कुणाची गाडी गळत असेल तर त्याला उपयोग होईल आणि गाडी नसेल त्यालाही होईल.

निघण्यापूर्वी मिस्त्रीने दोन गोष्टी केल्या होत्या. पहिली म्हणजे जुन्या थेंबाचा वास घेतला आणि तो पांढऱ्या कागदावर पसरून रंग पाहिला. गाडीखाली पडणारे सगळेच तेल गियरबॉक्सचे नसते. डिझेल इंजिनचे वापरलेले तेल काळेकुट्ट असते. ब्रेक आणि क्लचचे तेल पातळ असते. गियरचे तेल जाड, मधासारखे किंवा तपकिरी, आणि त्याला गंधकाचा उग्र वास येतो, कारण दातांवर पडणारा जबर दाब सोसावा म्हणून त्यात गंधकाची संयुगे घातलेली असतात. इंजिन आणि गियरबॉक्स जिथे जोडलेले असतात, तिथून थेंब पडला तर तो दोघांपैकी कुणाचाही असू शकतो. म्हणून गळते कुठून, याच्या आधी गळते काय, हे ठरवायचे. दुसरी गोष्ट म्हणजे कोरड्या केलेल्या जोडांवर त्याने लहान मुलांची पावडर फवारली. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली रेघ चटकन उमटते.

आम्ही फिरून आलो. मिस्त्री बॅटरी घेऊन खड्ड्यात उतरला आणि मलाही उतरवले. मी लगेच बोट दाखवले, ‘‘हे काय, इथे थेंब लोंबतोय!’’

तो म्हणाला, ‘‘थेंब लोंबतो ती जागा सोडा. सगळ्यात वर आणि सगळ्यात पुढं कुठं ओलं झालंय ते बघा.’’

चालत्या गाडीखाली वारा तेलाला मागे ढकलतो आणि तेल स्वतःच्या वजनाने खाली ओघळते. म्हणून थेंब पडतो सगळ्यात खालच्या टोकाला, आणि त्याचा उगम असतो वर, पुढे. आम्ही दोन वर्षे खालच्या टोकाकडे बोट दाखवत होतो. पावडरीवर रेघा दोन निघाल्या. एक गियरबॉक्सच्या शेपटाकडून, जिथे मागच्या चाकांकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट आत शिरतो त्या सीलमधून. दुसरी वरच्या झाकणाच्या पॅकिंगमधून.

मी म्हणालो, ‘‘म्हणजे सील खराब. मागच्याने डुप्लिकेटच टाकले होते.’’

मिस्त्री काही बोलला नाही. तो गियरबॉक्सच्या बाजूचा भरायचा नट हळूहळू सैल करू लागला. नट सुटायला आला आणि आतून ‘फुस्स’ असा आवाज आला. सायकलच्या ट्यूबचा वॉल्व्ह दाबल्यावर येतो तसा.

‘‘हे बघा,’’ तो म्हणाला, ‘‘हिचा श्वास कोंडलाय.’’

गियरबॉक्सच्या माथ्यावर एक बारीकशी वाट असते. तिला ब्रीदर म्हणतात. गाडी चालली की आतले तेल तापते, तेलावरची हवाही तापते आणि फुगते. ती फुगलेली हवा बाहेर जावी, गार झाल्यावर पुन्हा आत यावी, एवढ्यासाठी ती वाट. ती बुजली की हवा आतून दाबू लागते आणि जो जोड सगळ्यात नाजूक, तिथून तेल बाहेर ढकलते. नवे सील घातले तरी दाब तोच. थोड्या दिवसांत त्याचीही ओठासारखी कड हार मानते.

मिस्त्रीने बोटाने चाचपून ब्रीदर शोधला, पाना लावून काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. त्याच्या तोंडावर काळ्या रंगाचा कडक थर होता, वर चिखल बसलेला.

माऊली, तो रंग मी ओळखला. दोन वर्षांपूर्वी वारीच्या आधी गाडी खालून गंजलेली दिसत होती, म्हणून आम्ही तिला खालून काळा रंग मारून घेतला होता. गंज थांबावा म्हणून, आणि खरे सांगायचे तर गाडी नवी दिसावी म्हणूनही. रंगाचा डबा मीच आणला होता. वहीत खर्च लिहिलेला आहे, माझ्याच अक्षरात. त्याच वारीत पहिला थेंब पडला होता. दिवे घाटात भरल्या ओझ्याने खालच्या गियरमध्ये चढताना गियरबॉक्स तापला असणार, आणि श्वास घ्यायची वाट आम्हीच झाकून टाकलेली.

आता जोडून पाहा. छान दिसावे म्हणून आम्ही एकदा झाकले, त्यातून गळती झाली. गळती दिसू नये म्हणून पुसत राहिलो, त्यामुळे कारण कळले नाही. कारण कळले नाही म्हणून एका निर्दोष माणसाला लबाड म्हटले. आणि आता तेच फडके घेऊन दुसऱ्या दिंडीला फसवायला निघालो होतो. चोरी कुणी केली नव्हती, खोटे कुणी बोलले नव्हते. बैठकीतले सगळे माळकरी.

त्या खड्ड्यात उभा राहून मी माझेच वाक्य पुन्हा म्हणून पाहिले : ‘घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवायला नकोत का?’ तुम्हीही म्हणून पाहा. वाक्य वरवर ठीक वाटते. जुनी वस्तू घेणाऱ्याने पाहून घ्यावी, हे खरेच आहे. विकणाऱ्याने प्रत्येक ओरखड्याची कबुली देत बसावे, असे कुणी म्हणत नाही. गाडी वीस वर्षांची आहे हे तिच्याकडे पाहून कळते. टायर झिजले आहेत हे दिसते. सीट फाटली आहे हे दिसते. ते सांगितले नाही म्हणून मी खोटा ठरत नाही, कारण तिथे त्याचे डोळे आणि माझे डोळे सारखेच आहेत.

पण तेलाचा थेंबही त्याला दिसला असता. गाडी होती तशी उभी ठेवली असती, तर खाली वाकलेल्या कुणालाही दिसला असता. मी त्याला ‘डोळे उघडे ठेव’ म्हणत होतो आणि त्याच्या डोळ्यांपुढचे पुसून टाकत होतो. एवढाच फरक आहे आणि तो फार मोठा आहे. गप्प बसणे नेहमी खोटे नसते. पण ज्याच्या हातात फडके आहे, त्याचे गप्प बसणे खोटे असते. मग समोरच्याने विचारले की नाही, याला अर्थ उरत नाही; त्याला जिथून प्रश्न सुचला असता, ती खूणच आपण पुसलेली असते.

तुम्ही म्हणाल, ‘पण पैसे तर दिंडीचे होते, अन्नदानाचे होते.’ हाही प्रश्न मी स्वतःला विचारला. आमच्या पंगतीत वाढलेली भाकरी कुणाच्या खिशातून येणार होती? दुसऱ्या पंगतीतूनच. ती लहान दिंडी, पहिल्यांदाच स्वतःची गाडी घेणारी. तेल कमी होत गेले की गियरबॉक्सचे बेअरिंग कोरडे पडते, तापते, एखाद्या दिवशी जाम होते. आणि ते बहुधा भरल्या ओझ्याने, चढावर, आजूबाजूला माणसे चालत असताना. शिवाय वाटभर सांडलेले तेल कुणाच्या पायाखाली येते? मागून अनवाणी चालणाऱ्याच्या. पावसाचे दोन थेंब पडले की त्या डागावरून दुचाकी घसरते. ज्या वाटेची धूळ आपण कपाळाला लावतो, त्याच वाटेवर आपण तेल सांडत होतो आणि त्याला ‘म्हातारी तेल पिते’ म्हणून हसत होतो.

मी मिस्त्रीला म्हणालो, ‘‘पूर्ण काम करा. लागेल तो वेळ घ्या.’’

त्याने आधी ब्रीदर स्वच्छ केला आणि गाडी पुन्हा फिरवायला लावली. एका वेळी एकच दुरुस्ती करायची आणि पाहायचे, नाहीतर कशाने बरे झाले ते कळत नाही, असे त्याचे म्हणणे. झाकणाची रेघ थांबली. शेपटाचे सील मात्र अजून ओले होत होते. दाबाने त्याची कड आधीच गेली होती. मग तेल काढायची वेळ आली. तेव्हा त्याने सांगितलेली गोष्ट लक्षात ठेवा. खालचा नट उघडण्याआधी वरचा, भरायचा नट उघडतो का ते पाहायचे. आधी रिकामे केले आणि मग भरायचा नट गंजून अडकलेला निघाला, तर गाडी जागची हलवता येत नाही. मी चाळीस वर्षे मुलांना रागावलो, तेव्हा हे मला कुणी सांगायला हवे होते. एखाद्याचे मन रिकामे करण्याआधी ते पुन्हा भरायची वाट आपल्याकडे आहे का, हे मी क्वचितच पाहिले.

खालच्या नटाला चुंबक होते. त्यावर करड्या रंगाची मऊ चिकटी जमली होती. ‘‘ही चालते,’’ मिस्त्री म्हणाला, ‘‘झीज आहे. कपचे निघाले असते तर दात तुटले म्हणायचं.’’ काढलेले तेल त्याने गटारात सोडले नाही, डब्यात भरून ठेवले.

मग शाफ्ट काढून ज्या गुळगुळीत भागावर सीलची कड बसते, त्यावरून त्याने नख फिरवले आणि माझेही फिरवायला लावले. नखाला बारीक खाच लागत होती. वर्षानुवर्षे एकाच जागी घासून पडलेली. नवे सील त्याच जागी बसवले तर कड पुन्हा त्या खाचेत पडणार. म्हणून त्याने ते किंचित सरकवून, कड शेजारच्या कोऱ्या धातूवर येईल अशा बेताने बसवले. तेल कोणते घालायचे, तेही त्याने गाडीच्या पुस्तकात बघायला लावले. आम्ही हाती येईल ते घालत होतो. काही उग्र तेलांनी गियरबॉक्समधल्या पितळी कड्यांना इजा होऊ शकते, म्हणून कंपनीने सांगितलेलेच घालायचे. आणि भरताना गाडी सपाट जमिनीवर हवी. तेल भोकाच्या खालच्या कडेला लागले की थांबायचे. आम्ही ते देवळापुढच्या उतारावर भरत आलो होतो. उतारावर उभे राहून पातळी कळत नाही. कधी कमी भरले असेल, कधी जास्त.

सील तसे स्वस्तच होते. खर्च झाला तो मजुरीचा आणि दिवसाचा. संध्याकाळी तिसऱ्यांदा फिरवून आणले. पावडर कोरडी. फक्त झाकणाच्या कडेला जरासा ओलसरपणा.

मी घाबरून म्हणालो, ‘‘हे पुन्हा गळतंय!’’

मिस्त्री हसला. ‘‘गुरुजी, तो घाम आहे. जुन्या गाडीला येतो. थेंब धरला तर सांगा. घामाच्या मागं लागलात तर गाडी कधीच बाहेर काढायला नको.’’

हेही शिकण्यासारखे होते. झाकणाऱ्या माणसाला एकदा जाग आली की तो दुसऱ्या टोकाला जातो, सगळीकडे दोष शोधू लागतो. स्वतःत आणि घरच्यांत तर जास्तच. घाम आणि गळती यांतला फरक ओळखायला हवा. म्हातारपणीची थोडी चिडचिड, सुनेच्या हातून राहिलेले मीठ, भजनात चुकलेला एखादा ताल, हा घाम आहे. तो सोसावा.

रविवारी त्या दिंडीची माणसे आली. मी त्यांच्यापुढे जुने सील, काळा पडलेला ब्रीदर आणि गाडीची वही ठेवली. दोन वर्षे गळत होती, कशाने गळत होती, काय केले, काय अजून ओलसर आहे, सगळे सांगितले. त्यांनी आपसात बोलून ठरल्यापेक्षा कमी रक्कम सांगितली. खरे बोललो म्हणून मोल वाढले, असे काही झाले नाही. आमच्यातले दोघे-तिघे माझ्यावर रुसले, अजून थोडे रुसलेले आहेत. कमी आलेली रक्कम वहीत ‘तूट’ म्हणूनच लिहिली आहे, पुण्य म्हणून लिहिलेली नाही.

एक काम त्याहून अवघड होते. तालुक्याच्या त्या जुन्या मेकॅनिककडे गेलो. ब्रीदर दाखवला आणि म्हणालो, ‘‘तुमचं सील चांगलं होतं. आम्ही गावात तुमचं नाव खराब केलं. चूक झाली.’’

तो बराच वेळ ब्रीदर हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, ‘‘गुरुजी, तुमच्या गावची गिऱ्हाइकं कमी झाली, ते मला कळलं होतं. कारण आज कळलं.’’ थोड्या वेळाने त्यानेच पुढे म्हटले, ‘‘पण हा ब्रीदर मीही बघायला हवा होता. सील बदलून मोकळा झालो.’’

मी त्याच्यावरचा डाग पुसायला गेलो होतो. त्याने स्वतःच उरलेला ओलसरपणा दाखवला. गेलेली गिऱ्हाइके मी परत आणू शकत नाही. पारावर बसून ज्यांना सांगितले होते त्यांना पुन्हा सांगितले. पण निंदा जेवढ्या लांब जाते, तेवढ्या लांब तिची दुरुस्ती जात नाही.

आता तुमच्याशी शेवटचे. आपणही दरवर्षी धुऊन निघतो. वीस-एकवीस दिवस चालतो, घामाने, पावसाने, नामाने धुतले जातो. चंद्रभागेत उतरतो, कळसाला हात जोडतो, आणि परत येतो तेव्हा लोक पाया पडतात. अंग हलके वाटते. इथपर्यंत पुसणे झाले. पण हे पुसणे दोनपैकी कोणते, ते गावी परतल्यावर कळते. धुतलेली गाडी मिस्त्री घरी पाठवत नाही, पंधरा किलोमीटर फिरवून आणायला सांगतो. तसे वारीहून आल्यावर पहिले पंधरा दिवस आपणच आपल्याकडे पाहावे. पहिली ओली रेघ कुठे उमटते? बांधावर भाऊ दिसला की? सुनेने उलट विचारले की? शेजाऱ्याचे पीक आपल्याहून चांगले आले की? नुकते धुतलेले असते तेव्हाच ती रेघ दिसते. महिन्याभराने पुन्हा चिखल बसला की सगळे सारखेच काळे. दिसली, तर लगेच फडके घेऊन धावू नका. आणि खाली लोंबणाऱ्या थेंबाशी भांडू नका. वर पाहा, पुढे पाहा. कुठे काही कोंडले आहे का, छान दिसावे म्हणून आपण कधीकाळी कशावर रंग फासला होता का, ते पाहा.

आणि जो वारीचा टिळा ती रेघ झाकण्यासाठी लावतो, त्याची फसगत दुसऱ्याआधी स्वतःची होते. कारण ज्या खुणेने लोकांना कळले असते, त्याच खुणेने त्याला स्वतःलाही कळणार होते.

यंदा फलटणच्या मुक्कामी आमची ती जुनी व्हॅन मला त्या लहान दिंडीच्या राहुटीशेजारी उभी दिसली. राहवेना. जवळ जाऊन मी गुडघे टेकले आणि मान खाली घालून तिच्या पोटाखाली पाहू लागलो. त्यांच्यातल्या एका वयस्क माऊलींना वाटले, गुरुजी गाडीच्या पाया पडताहेत. त्याही पदर सावरत वाकल्या आणि माझ्या पायांना हात लावून म्हणाल्या, ‘‘खरं आहे माऊली, सगळं ओझं हीच वाहते.’’

खाली पुठ्ठा नव्हता. माती कोरडी होती.

तुमच्या घरात, तुमच्या दिंडीत, तुमच्या व्यवहारात असे एखादे फडके असेलच. ते टाकून देऊ नका, ते लागतेच. फक्त उद्या ते हातात घ्याल तेव्हा क्षणभर थांबा आणि स्वतःला विचारा : मी हे दिसावे म्हणून पुसतो आहे, की दिसू नये म्हणून?

रामकृष्ण हरि.